पहिल्या कुस्तीला या



फिरण्याची हौस असलेली माणसं आपल्याकडे पुष्कळ आहेत. कुणी गड-किल्ले पालथे घालतं, कुणी अष्टविनायकांना जातं, कुणी हिवाळ्यात भिगवणला जाऊन उजनीच्या पाण्यावर उतरलेले रोहित पक्षी बघतं. माझी हौस जरा निराळी आहे. मी मैदानं बघत फिरतो. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या गावांत जत्रेच्या दिवशी कुस्त्यांसाठी जी लहान लहान मैदानं तयार होतात, ती मैदानं. कुणी त्याला आखाडा म्हणतं, कुणी हगामा म्हणतं. कोल्हापूरकडे गेलात तर फड म्हणतात. आज या मैदानांविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत आणि शेवटी आपल्याला एक विनंतीही करायची आहे.

मैदानं बघत फिरणं ही काय हौस झाली, असं कुणाला वाटेल. पण जगात ही हौस चांगली रुजलेली आहे. इंग्लंडमध्ये फुटबॉलच्या वरच्या चार श्रेणींत मिळून ९२ संघ खेळतात. या ९२ संघांची ९२ मैदानं पाहून पूर्ण करायची, असा नेम धरलेले लोक तिथे आहेत. आपल्याकडे बारा ज्योतिर्लिंगं पूर्ण करतात, तसंच म्हणा ना. पण त्यांच्यातले खरे दर्दी या ९२ वर थांबत नाहीत. या चार श्रेणींच्या खाली गावोगावचे, पेठांचे, कारखान्यांचे शेकडो छोटे संघ आहेत. त्यांची मैदानं म्हणजे एका बाजूला पत्र्याची शेड, कडेला लोखंडी कठडा, चहाची एक टपरी आणि शंभर-दोनशे माणसं. शनिवार आला की हे दर्दी आगगाडीनं किंवा बसनं निघतात, कधी न पाहिलेल्या गावी उतरतात, तिकीट काढतात, कठड्याला टेकून सामना बघतात आणि वहीत नोंद करून घरी येतात. शेफील्ड शहरात सँडीगेट नावाचं असंच एक लहान मैदान आहे. तिथे १८६० साली हॅलम आणि शेफील्ड या दोन क्लबांचा सामना झाला होता. जगातलं सर्वांत जुनं फुटबॉल मैदान म्हणून त्याची नोंद आहे आणि हॅलमचा संघ आजही तिथेच खेळतो. या दर्दींच्या दृष्टीनं ते तीर्थक्षेत्रच आहे.

आता आपल्याकडे या. महाराष्ट्रात असा जिवंत फुटबॉल पाहायचा तर कोल्हापूरला जावं लागतं. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ ही तिथल्या फुटबॉल संघांची नावं आहेत. नावं ऐकलीत? संघ फुटबॉलचा आणि नाव तालमीचं! ज्या पेठेनं आपल्या तालमीत पैलवान घडवले, त्याच पेठेनं पुढे फुटबॉलचा संघ उभा केला. २०१७ साली भारतात सतरा वर्षांखालच्या मुलांची विश्वचषक स्पर्धा झाली, तेव्हा भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. तेव्हा कुस्ती आणि फुटबॉल यांचं नातं दिसतं तितकं लांबचं नाही. दोन्हींच्या मुळाशी तालीम आहे, पेठ आहे, गाव आहे.

बारामती-इंदापूरला फुटबॉलच्या पेठा नाहीत. बारामती शहरात क्रिकेटचं चांगलं स्टेडियम आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाच्या त्या मैदानावर फेब्रुवारी २०२० मध्ये महाराष्ट्र आणि उत्तराखंड यांचा रणजी सामनाही झाला. ते मैदान वर्षभर तिथे असतं, त्याला माळी असतो, हिरवळीला रोज पाणी असतं. मी सांगतो ती मैदानं तशी नाहीत. ती वर्षातून एकच दिवस असतात. आदल्या आठवड्यात तिथे बाभळी असतात, शेळ्या चरत असतात, नाही तर ऊस निघालेलं रान असतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात तर पुन्हा रानच. मधल्या एका दुपारी मात्र तिथे पाच हजार माणूस बसलेला असतो.

एका दिवसाचं मैदान ही कल्पना या भागाला नवी नाही. आषाढात तुकोबारायांची पालखी बारामतीहून पुढे निघाली की काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण होतं. पुढे बेलवाडीला घोड्यांचं गोल रिंगण होतं, मग इंदापूरला होतं. तासाभरासाठी जागा मोकळी करायची, माणसांनी स्वतःच तिचा काठ व्हायचं, अश्व धावून गेला की त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायची आणि पुढची वाट धरायची. कुस्तीच्या मैदानाचं मला नेमकं हेच आवडतं. तिथे कठडा नाही, गॅलरी नाही. माणसं गोल बसतात, तोच मैदानाचा काठ. माणसं आली नाहीत तर मैदानाला आकारच येत नाही.

या दोन तालुक्यांत फिरताना जमिनीची दोन रूपं दिसतात. नीरा डावा कालवा ज्या बाजूनं जातो, तिकडे ऊस, केळी, कारखान्यांची धुराडी. बारामतीच्या वरच्या अंगाला, सुपे-मोरगाव-शिर्सुफळकडे, जिरायती मुलूख, माळरान आणि मेंढरांचे वाडे. पूर्वेला निमगाव केतकी हे पानमळ्यांचं गाव. त्याही पुढे नीरा नरसिंहपूर, जिथे नीरा आणि भीमा एकमेकींना मिळतात. उत्तरेला उजनीचं पाणी. १९८० साली उजनी धरण पूर्ण झालं, त्यात भीमाकाठची कितीतरी गावं गेली. पळसदेवचं जुनं देऊळ उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वर दिसतं, हे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलं असेल. गाव उठलं तेव्हा लोकांनी देव बरोबर नेले, जत्रा बरोबर नेली. नव्या गावठाणात घरं बांधली आणि जत्रेसाठी जागा सोडली. गावाला शाळा लागते, पाणवठा लागतो, तशीच जत्रेची जागाही लागते.

जमीन बदलते तसं मैदान बदलतं. बागायती गावात काळी माती. ती ओली झाली तर पायाला चिकटते आणि वाळली तर ढेकूळ होते. म्हणून तिथे बाहेरून तांबडी माती आणून टाकतात. माळावरच्या गावात मुरूम. तिथे दगड वेचण्याचंच काम मोठं. नदीकाठच्या गावात गाळाची, भुसभुशीत जमीन. पैलवानाला अशी जमीन आवडते, कारण पडलं तरी लागत नाही. हे सगळं मी वहीत टिपून ठेवतो. गावाचं नाव, तिथी, माती कसली, सावली कोणत्या बाजूला, पहिली कुस्ती किती वाजता लागली, किती कुस्त्या निकाली झाल्या. गावांची नावं आज मुद्दाम घेत नाही. दहा नावं घेतली तर अकराव्या गावचे लोक पुढच्या जत्रेत मला चहा विचारणार नाहीत.

जत्रांचं वेळापत्रक पंचांगात असतं. दिवाळीच्या पाडव्याला इंदापूर तालुक्यातल्या रुईला बाबीरबुवाची मोठी जत्रा भरते. तिथून जत्रांचा हंगाम सुरू झाला असं मी धरतो. खरी गर्दी मात्र चैत्र-वैशाखातली. तेव्हा कारखान्यांचे पट्टे पडलेले असतात, रानं मोकळी असतात, पुण्या-मुंबईला गेलेली माणसं गावी येतात. हनुमान जयंतीच्या आगेमागे तर एकाच दिवशी चार-पाच गावांत जत्रा असतात आणि कुठे जावं हा प्रश्न पडतो. जत्रेचा क्रमही ठरलेला. पहाटे देवाला अभिषेक, दिवसभर नैवेद्य, रात्री पालखीचा छबिना, त्यानंतर तमाशा. दुसऱ्या दिवशी सकाळी तमाशाच्या हजेऱ्या आणि दुपारी कुस्त्या. कुस्त्या झाल्या की जत्रा संपली.

मैदान कसं तयार होतं, ते एकदा सकाळपासून बघण्यासारखं आहे. जत्रा कमिटीची पोरं ट्रॅक्टर घेऊन येतात. आधी नांगरट, मग कुळवणी. मग रांगेनं बसून दगड, काचा, बाभळीचे काटे वेचतात. माती टाकतात, पाण्याचा टँकर फिरवून हलकी शिंपड करतात. पाणी जास्त झालं की चिखल, कमी झालं की फुफाटा. ते मापानं नव्हे, अंदाजानं ठरतं, आणि तो अंदाज गावातल्या एक-दोन जुन्या माणसांनाच असतो. तालमीतल्या हौद्याची गोष्ट वेगळी. तिथल्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबाचा रस घालून ती वर्षानुवर्षं मळलेली असते. जत्रेच्या मैदानाला एवढे लाड मिळत नाहीत. पण दुपारी मारुतीची तसबीर ठेवून, नारळ फोडून, गुलाल टाकून मैदानाची पूजा होते. तेव्हापासून तिथे कुणी चपला घालून पाऊल टाकत नाही.

दुपारी तीनच्या सुमाराला हलगी सुरू होते. तिचा आवाज शिवारभर जातो. ज्यांनी जाहिरात वाचलेली नाही, त्यांनाही कळतं की कुस्त्या सुरू होणार. फेटा बांधलेले पंच मैदानात येतात आणि मग सुरू होतो तो भाग, जो मला सगळ्या जत्रेत सर्वांत जास्त आवडतो. लहान पोरांच्या कुस्त्या.

सहा-सात वर्षांची, दहा-बारा वर्षांची पोरं सदरे काढून मैदानात उतरतात. इथे वजनकाटा नाही, वयाचा दाखला नाही. पंच दोन पोरांना शेजारी उभं करतात, खांद्याला खांदा लावून बघतात, दंड चाचपतात आणि दोघांचे हात वर धरून मैदानाला फिरवतात. याला जोड लावणं म्हणतात. जोड बरोबरीची वाटली नाही तर कडेला बसलेली माणसंच ओरडतात, "अहो, हे थोरलं हाय, दुसरं बघा." पंच ऐकतात. पाच-पन्नास रुपयांची किंवा नुसत्या नारळाची कुस्ती असते. पण पोरगं वाकून माती उचलतं, कपाळाला लावतं, समोरच्याच्या हातावर देतं, आणि सलामी देतं. ते बघताना पन्नास रुपये कुणाच्या डोक्यात नसतात. जिंकलेलं पोरगं मैदानाला फेरी मारतं आणि माणसं त्याच्या हातावर दहा-वीसची नोट ठेवतात. पडलेलं पोरगं डोळे पुसत बापाजवळ येतं. बाप काही बोलत नाही, अंगावरची माती झाडतो आणि सदरा घालतो. शेजारचा एखादा अनोळखी म्हातारा त्यालाही दहा रुपये देतो आणि सांगतो, "पाय मागं ठिवायचा, लेकरा." त्या पोराला मिळालेला तो पहिला डाव असतो.

हळूहळू कुस्त्या मोठ्या होत जातात. पन्नासाच्या शंभर, शंभराच्या पाचशे, मग हजार. आता तालमीतली तयार मुलं येतात. कुणी बारामतीच्या तालमीतला, कुणी अकलूजकडचा, कुणी पुण्याहून आलेला. निवेदक प्रत्येकाचं गाव आणि वस्ताद सांगतो. आधी खडाखडी होते, म्हणजे एकमेकांच्या मानेवर, मनगटावर हात टाकून अंदाज घेणं. मग एखादा खाली बसल्यासारखं करून झटकन एकेरी पट काढतो, समोरच्याचा एक पाय त्याच्या हातात येतो. एखादा ढाक लावतो, एखादा खाली आलेल्याला घिस्सा मारतो. दोन्ही खांदे जमिनीला टेकले की चितपट. पंचाचा हात वर जातो, हलगीचा ठेका बदलतो. डावांची नावं तुम्हाला माहीत नसली तरी बिघडत नाही. शेजारी कोण बसलंय ते बघा. डोक्याला टापशी, हातात काठी, आणि कुस्ती चाललेली असताना ज्याचे खांदे आपोआप हलतात, त्या म्हाताऱ्याच्या शेजारी बसायचं. तो तुम्हाला न विचारता सगळं सांगतो.

या लहान मैदानांचं महत्त्व काय, असं कुणी विचारलं तर मी मोठ्या मैदानांकडे बोट दाखवतो. कोल्हापूरचं खासबाग मैदान राजर्षी शाहू महाराजांनी बांधलं, १९१२ साली ते पूर्ण झालं. खोलगट वाटीसारखं ते मैदान आहे, कुठेही बसलं तरी कुस्ती दिसते. पण खासबागेत उतरणारा पैलवान थेट खासबागेत जन्माला येत नाही. खाशाबा जाधव कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं वैयक्तिक खेळातलं ते पहिलं पदक. त्यांची सुरुवातही गावच्या मातीत झाली. महाराष्ट्र केसरीची स्पर्धा १९६१ पासून होते. तिची रचना बघा. एक विभाग गादीचा, एक मातीचा. दोन्ही विभागांचे विजेते शेवटी चांदीच्या गदेसाठी एकमेकांशी लढतात. म्हणजे राज्यातल्या सर्वांत मोठ्या किताबाचा अर्धा रस्ता आजही मातीतून जातो. ऑलिंपिकमध्ये गादी असते, तेव्हा गादी हवीच, त्यात वाद नाही. पण खेड्यातल्या सात वर्षांच्या पोराला गादी कुठून मिळणार? त्याला मिळतं ते जत्रेचं मैदान.

आणि श्रोतेहो, इथेच काळजीची गोष्ट आहे.

२०२० च्या चैत्रात टाळेबंदी होती. जत्रा झाल्या नाहीत. २०२१ च्या चैत्रातही झाल्या नाहीत. पुजाऱ्यानं देवाला नैवेद्य दाखवला, देऊळ बंद केलं. सलग दोन हंगाम मैदानं तयार झाली नाहीत. पैलवानाचा खुराक तुम्हाला माहीत आहे. दूध, तूप, बदाम. शेतकऱ्याच्या घरात हा खर्च सोपा नाही. मधल्या दर्जाच्या पैलवानाचा वर्षाचा खुराक चैत्र-वैशाखातल्या बक्षिसांवर निघतो. ते बक्षीस दोन वर्षं मिळालं नाही, तेव्हा कितीतरी मुलांनी तालीम सोडली. कुणी औद्योगिक वसाहतीत कामाला लागलं, कुणी गाडी चालवायला लागलं. २०२० मध्ये जे पोरगं दहा वर्षांचं होतं, त्याची पहिली कुस्ती होण्याची ती दोन वर्षं होती. तशी मुलं मला पुढे मैदानात कमी दिसली.

२०२२ पासून जत्रा पुन्हा भरू लागल्या. गर्दी आली, पैसाही आला. पूर्वी शेवटची कुस्ती पाच हजारांची असली तर पंचक्रोशीत चर्चा व्हायची. आता शेवटच्या कुस्तीला लाख, दोन लाख लावतात. नामांकित मल्ल बाहेरून येतात, रस्त्यावर त्यांचे मोठे फलक लागतात. मला यात वाईट वाटत नाही. पैलवानाला पैसे मिळायलाच हवेत. पण त्याचा एक परिणाम झाला. लोक शेवटची कुस्ती बघायलाच येऊ लागले. तीन वाजता मैदान निम्मं रिकामं असतं. साडेपाच-सहाला गाड्या येतात, मैदान भरतं, लाखाची कुस्ती होते आणि लोक मोबाईलवर चित्रीकरण करून जातात. कमिटीलाही वाटतं, लहान पोरांच्या कुस्त्या कुणासाठी लावायच्या? वेळ जातो. मग त्या आवरत्या घेतात. काही ठिकाणी "लहान मुलांच्या कुस्त्या चार वाजेपर्यंतच घेतल्या जातील" असं पुकारलेलं मी ऐकलं आहे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. मोठ्या रकमेच्या कुस्तीत कधी कधी दोघं आधीच ठरवून लढतात. त्याला नुरा कुस्ती म्हणतात. वीस मिनिटं नुसती खडाखडी, मग बरोबरीत सोडवणं आणि बक्षीस अर्धं अर्धं. जुने प्रेक्षक ते ओळखतात आणि उठून जातात. नुरा कुस्तीवर खरा इलाज जाणता प्रेक्षक हाच आहे. पन्नास रुपयांच्या पोराच्या कुस्तीत मात्र नुरा नसते. तिथे सगळं खरं असतं, रडणंही.

बैलगाडा शर्यतींचंही सांगतो. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना पुन्हा परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. तेव्हापासून शर्यतीचा घाट आणि कुस्तीचं मैदान यांत गावची वर्गणी वाटली जाते. शर्यत हा शेतकऱ्याचा आनंद आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण वर्गणीचा आकडा ठरताना कमिटी एवढंच बघते की माणूस कुठे जमतो. जिथे माणूस जमतो तिथे पैसा जातो.

चांगली बाजूही सांगायला हवी. पंधरा-वीस वर्षांपूर्वी या मैदानांत मुली दिसत नसत. बायका लांब, देवळाच्या ओट्यावरून बघत. आता काही गावांत मुलींच्या जोडी लागतात. मार्च २०२३ मध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं ती जिंकली. त्यानंतरच्या हंगामात एका लहान गावात दोन मुलींची कुस्ती लागली, तेव्हा पंचांनी पुकारायच्या आत कडेच्या आजीबाई उठून पुढे येऊन बसल्या. त्या मुली नारळासाठी लढल्या. मैदानानं मात्र त्यांच्या हातावर एवढ्या नोटा ठेवल्या की त्या ओंजळीत मावेनात.

म्हणून माझी विनंती अशी आहे. येत्या चैत्रात एक दिवस काढा. बारामती किंवा इंदापूरच्या एसटी स्टँडवर उतरा. जत्रांच्या जाहिराती भिंतींवर, टपऱ्यांवर लागलेल्या असतात. त्यात नसली तर चहावाल्याला विचारा, "आज कुस्त्या कुठं हायत?" तो सांगतो. पुण्याहून निघालात तर सकाळी मोरगावला मयूरेश्वराचं दर्शन होतं, दुपारी मैदान गाठता येतं. टोपी घ्या, पाण्याची बाटली घ्या. खुर्च्या पाहुण्यांसाठी असतात, तिकडे जाऊ नका, मातीवर बसा. मावळतीकडे पाठ करून बसा, म्हणजे संध्याकाळी उन्हाची तिरीप डोळ्यांवर येणार नाही. कुणीतरी "पाव्हणं कुठलं?" असं विचारील. गाव सांगा आणि नुसत्या कुस्त्या बघायला आलोय म्हणा. त्यांना नवल वाटेल, मग आनंद होईल, मग जेवायचा आग्रह होईल. नाही म्हणू नका.

या सगळ्याला तिकीट नाही. पण मोकळ्या हातानं जाऊ नका. इंग्लंडमधला तो दर्दी छोट्या मैदानावर जातो, तिकीट काढतो, तिथलाच चहा पितो, क्लबची पुस्तिका विकत घेतो. त्याच्या त्या चार पैशांवर क्लबचा आठवडा निघतो, हे त्याला माहीत असतं. आपल्याकडे पुस्तिका नाही, पण जिंकून फेरी मारत येणारा हात आहे. दहाच्या नोटांचं एक पुडकं बरोबर ठेवा. जिंकलेल्याला द्या, आणि पडलेलं पोरगं जवळून गेलं तर त्यालाही द्या. एखाद्या वर्षी जमलं तर कमिटीकडे शंभर-दोनशे रुपये देऊन एका कुस्तीला बक्षीस लावा. निवेदक तुमचं नाव पुकारतो, अगदी लाखाच्या देणगीदाराचं पुकारतो तसंच.

फक्त वेळेवर या. सहाच्या कुस्तीला नामांकित पैलवान असतात, त्यांना बघायला हजारो लोक येतील, तुम्ही नसलात तरी चालेल. तीनच्या कुस्तीला कडेला बसायला माणसं हवी आहेत. हलगी ऐकू आली की निघा. पहिली जोड लागण्याआधी मैदानाच्या काठाला जाऊन बसा.